शेरडांनी थुंकलेल्या निंबोळ्या

शेरडू निंबोळी खातं, पण तिची बी पोटात ठेवत नाही. संध्याकाळी बसून रवंथ करताना एकेक बी तोंडाच्या कडेनं बाहेर टाकतं. हे मला एका बाईनं दाखवलं, आणि तिनं दाखवलं म्हणून कितीतरी दिवस ते खोटं निघावं असं मला वाटत होतं.

मी इकडची नाही. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या आणि तळ्यांच्या मुलखातलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. धाकटा भाऊ पाळण्यात होता आणि आई भाताच्या रोवणीला जायची, म्हणून त्याला सांभाळायला मी घरी राहिले ती राहिलेच. लग्नानंतर नवऱ्याला इथल्या एमआयडीसीत काम लागलं आणि आम्ही छावणी भागात पत्र्याच्या एका खोलीत येऊन पडलो. दिवसभर पत्रा तापायचा. बोलायला कोणी नव्हतं. बोललं की लोक हसायचे, कारण मी ‘करून राहिले, जाऊन राहिले’ असं बोलायची.

त्या खोलीतून मला काकूंनी काढलं. काकू शाळेत शिकवायच्या आणि मी त्यांच्याकडं पोळ्या करायला जायची. निवृत्त झाल्यावर त्या हर्सूलच्या पुढं, सिल्लोड रस्त्यावरून आत असलेल्या आपल्या शेतावर राहायला निघाल्या तेव्हा मला म्हणाल्या, चल. शेडला लागून एक पक्की खोली होती, ती आम्हाला दिली. नवरा तिथून मोटारसायकलवर कंपनीत जायचा. काकूंनी मला शेडची किल्ली दिली आणि सांगितलं, आजपासून हे तुझ्याकडं.

शेड म्हणजे अर्काचं शेड. बाजारातल्या औषधाचा वास काकूंना सोसत नसे. शेजारी कुणी फवारलं तरी त्या दोन दिवस डोकं धरून बसायच्या. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की आपल्या कापसावर झाडपाल्याचाच अर्क मारायचा. वाचलं त्यांनी, केलं मी. कडुलिंबाच्या निंबोळ्या वेचायच्या, गर चोळून काढायचा, बी धुऊन सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली की तिचा कस जातो. वाळलेली बी गोणपाटात भरून वाऱ्याला ठेवायची. फवारणीच्या आदल्या दिवशी पाच किलो बी कुटायची, पाण्यात रातभर भिजवायची, सकाळी जाड फडक्यातून गाळून शंभर लिटर पाणी करायचं आणि पानाला चिकटावं म्हणून त्यात रिठ्याचं पाणी घालायचं. काकूंनी मला एक वही दिली आणि हे सगळं माझ्याच हातानं लिहायला लावलं. सातवीनंतर मी पहिल्यांदा दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं ते त्या वहीत.

तीन हंगाम गेले. आजूबाजूचे शेतकरी कॅन घेऊन यायला लागले. मला अर्कवाली वहिनी म्हणायला लागले. एकदा काकू कुणाला तरी सांगत होत्या, हिच्या हाताला गुण आहे. त्या वाक्यावर मी किती दिवस काढले असतील सांगता येत नाही. फोनवर आईलाही सांगितलं. आई म्हणाली, हाताला गुण नसते वो बाई, खोलीला गुण असते, ती सांभाळ. आईनं गमतीत म्हटलं होतं, पण माझ्या मनात ते रुतून बसलं. शेड आहे तर खोली आहे. शेड दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर आपण परत पत्र्याखाली. असं मला कोणीही म्हटलं नव्हतं. मीच ते रोज स्वतःला म्हणायची.

आणि मग ती आली.

तिच्या घरचे मेंढपाळ. दरवर्षी पीक निघाल्यावर त्यांची मेंढरं काकूंच्या रानात बसायची. रानाला खत व्हायचं, त्यांना धान्य मिळायचं. काकूंच्या वडिलांच्या काळापासून हे चालत आलेलं. त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं मेंढरं विकली आणि तो सिल्लोडला मक्याच्या गोदामात हमालीला लागला. तिनं दहा-बारा शेरडं मात्र विकू दिली नाहीत. ती घेऊन ती काकूंच्या बांधाच्या कोपऱ्यात झोपडी आणि शेजारी शेरडांना काट्यांच्या कुंपणाचं वाडगं करून राहिली, आणि निंदणी-खुरपणीला आमच्याकडं यायला लागली.

वयानं ती माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठी. तरी मला वहिनी म्हणायची, कारण माझ्या नवऱ्याला दादा म्हणायची. मी तिला काय म्हणायचं ते ठरवलंच नाही. ‘अहो’ म्हणायची, नाहीतर जवळ जाऊन बोलायची म्हणजे हाक मारायची वेळच यायची नाही. माणसाला नातं न देता दोन महिने काढणं सोपं नसतं. मी काढले.

मला पहिल्यांदा टोचलं ते काकूंचं हसणं. लहानपणी काकू तिच्या सासूच्या मेंढरांमागं फिरल्या होत्या. ती आली की दोघी जुन्या गोष्टी काढायच्या. कुणाचा एडका विहिरीत पडला, कुणी कुणाला कोकरू देतो म्हणून दिलंच नाही. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. माझ्याशी बोलताना त्या मास्तरीण असायच्या आणि तिच्याशी बोलताना पोर. मी चहा ठेवायला आत जायची आणि बाहेरचं हसणं ऐकत दूध उतू जाऊ द्यायची.

जूनमध्ये निंबोळ्या पिकल्या. बांधावर लिंबाची नऊ झाडं. मी रोज पाटीभर पिकल्या निंबोळ्या वेचून बादलीत चोळत बसायची. गराचा चिकट, गोडसर वास, त्याच्यावर माश्या, बोटांची सालं निघालेली. आठ दिवसांत माझी पोतंभर बी झाली होती आणि मला तिचा अभिमान होता.

नवव्या दिवशी सकाळी ती डोक्यावर पाटी घेऊन आली आणि तिनं ती शेडच्या दारात ठेवली. पाटीत बी होती. पांढरी, कोरडी, गराचा एक धागा नाही. जणू कुणी एकेक पुसून ठेवली होती.

काकूंनी मूठभर उचलली आणि विचारलं, एवढी स्वच्छ कशी केलीस?

‘म्या कुठं केली,’ ती म्हणाली. ‘शेरडांनी केली. दिसभर लिंबाखाली चरत्यात, रातच्याला वाडग्यात बसून थुकत्यात. सकाळच्याला म्या नुसतं झाडून घेतलं. आमच्यात पहिल्यापासूनच असंय. बी गोळा करायची तर हात कशाला कुजवायचा?’

काकूंनी माझ्या हातांकडं पाहिलं आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वतः तिच्या वाडग्यावर गेल्या आणि शेरडं रवंथ करतात ते बघत तिच्या घोंगडीवर बसल्या. चहाही तिथंच घेतला. माझ्या चुलीवरचा चहा तसाच राहिला. परत आल्यावर मला म्हणाल्या, अगं, इतकी वर्षं आपण उगाच चोळत बसलो. त्या ‘आपण’ म्हणाल्या. चोळलं होतं मी.

तेव्हा मी जे सुरू केलं त्याची मला आज लाज वाटते, पण तेव्हा ते काम वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी तांबडं फुटायच्या आत उठून नऊही झाडांखालची जमीन खराट्यानं झाडून घ्यायला लागले. पडलेली एकही निंबोळी ठेवायची नाही. तिची शेरडं यायची तेव्हा खाली नुसते खराट्याचे ओरखडे असायचे. शेरडं हुंगायची आणि मान वर करून माझ्याकडं बघायची. शेरडाच्या डोळ्यातलं बुबुळ आडवं असतं, त्यामुळं ते रागावलंय की नाही कळत नाही.

तिला कळलं. चौथ्या दिवशी ती बांधावर उभी राहून म्हणाली, ‘वहिनी, शेरडांच्या आदी उठता व्हय?’

मी म्हटलं, मी आपलं काम करून राहिले.

‘करा की. झाडून राहा, वेचून राहा, आन् आमची शेरडं उपाशी राहून राहत्याल.’

निंदायला आलेल्या बायका खदखदा हसल्या. त्या दिवसापासून रानात कुणीही काहीही म्हणालं की शेवटी ‘राहिले’ लावायच्या. मी मान खाली घालून खुरपं चालवत राहिले. मनात मात्र म्हणत होते, हसा. निंबोळ्या माझ्याकडं आहेत.

निंबोळ्या होत्याच माझ्याकडं. गरजेपेक्षा कितीतरी जास्त. रोज चार-चार पाट्या जमायला लागल्या आणि चोळायला हात दोनच. उरलेल्या मी गरासकट खताच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पोत्यांत भरून शेडच्या मागच्या भिंतीला रचल्या. उद्या चोळू, परवा चोळू. हवा दमट झाली. जुलैमध्ये एकदा पोत्यात हात घातला तर आत गरम लागलं, तापलेल्या अंगाला हात लावल्यासारखं. बाहेर काढला तर बोटांना पांढरी जाळी. एक बी दातानं फोडली. आतला मगज हिरवट असतो, तो काळा पडला होता. मी दुसरं पोतं उघडलं. तिसरं उघडलं. मग सुरुवातीला स्वतः चोळून वाळवलेलं पोतं बघितलं. त्याला मीच मागल्या पोत्यांना टेकवून ठेवलं होतं, त्याच्याही तळाशी बुरशी शिरली होती.

ज्या वहीत ‘सावलीत वाळवावी, गोणपाटात भरावी, प्लास्टिकमध्ये ठेवू नये’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ती वही तिथंच कोनाड्यात होती. मी काकूंना सांगितलं नाही. वरची बरी बी पुढं ओढली, बाकीची पोती मागं सारली आणि दाराला कुलूप लावलं.

ऑगस्टमध्ये कापसाच्या पानांखाली तुडतुडे दिसायला लागले. पानांच्या कडा पिवळ्या पडून वाटीसारख्या वळल्या. काकूंमधली मास्तरीण जागी झाली. म्हणाल्या, दोन्ही बियांची परीक्षा घेऊ. सहा ओळी हिच्या बीच्या अर्काच्या, सहा ओळी तुझ्या. चार दिवसांनी बघू. ज्या बीचा गुण जास्त, ती पुढच्या वर्षीपासून तशीच गोळा करायची, आणि गोळा करणारीच्या हातात शेडचं सगळं द्यायचं.

शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या असतील. मी मात्र ओच्यातली किल्ली चाचपून बघितली.

सकाळी अर्क गाळला. काकू नेहमी एक थेंब जिभेवर ठेवून कडूपणा बघत. तिच्या अर्काचा थेंब ठेवला आणि त्यांनी डोळे गच्च मिटून कपाळाला हात लावला. ती हसून म्हणाली, ‘गूळ देऊ का, बाई?’ मग माझा थेंब. काकूंनी जीभ टाळूला लावली, थांबल्या, पुन्हा लावली. कडू होतं, पण मागून आंबूस चव येत होती. मला ठाऊक होतं, मी पहाटेच चाखलं होतं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग पाण्यानं चूळ भरली.

ऊन उतरल्यावर आम्ही दोघींनी पाठीवर पंप घेतले. मी माझ्या ओळीत, ती तिच्या. ती पंप मारताना पानाच्या खालून वर नळी फिरवायची, म्हणजे खालच्या अंगाला फवारा बसेल. हे मीच तिला दाखवलं होतं, पहिल्या आठवड्यात, जेव्हा मी अजून मोठ्या मनाची होते.

पुढचे दोन दिवस मी कामाच्या निमित्तानं दोन्हीकडं फिरत राहिले. पान उलटायची, तुडतुडे बघायची. तिच्या ओळीत पान उलटलं की एखाद-दुसरा तिरका चालत कडेला जायचा. माझ्या ओळीत अजूनही गर्दी होती. आणि मी मनात काय म्हणत होते? तुडतुड्यांनो, तिकडं जा. काकूंच्या कापसाला कीड लागावी अशी इच्छा करत होते. ज्या बाईनं मला पत्र्याखालून काढलं तिच्या कापसाला. हेव्यात माणूस कुठवर जातं, ते मला त्या ओळींमध्ये उभं राहून कळलं, आणि कळूनही मी थांबले नाही.

शेडजवळ काकूंनी घरापुरती भेंडी लावली होती. तिच्यावर काहीच मारलेलं नव्हतं आणि शेंडे माव्याच्या बारीक किडीनं काळे-हिरवे झाले होते. बोट लावलं तर चिकट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका घरी गेल्यावर मी त्यातले दहा-बारा शेंडे खुडले, ओच्यात घेतले आणि तिच्या सहा ओळींत फिरून कापसाच्या बेचक्यांत खोचून आले. शेंडा सुकला की मावा हिरव्या पानावर चालत जातो, हे मला काकूंनीच शिकवलं होतं.

रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, डोकं दुखून राहिलं.

सकाळी मी शेडचं दार उघडलं तर ती बाहेर उभी. बाजूला तिची एक तरणी शेळी, आणि हातात भेंडीचे सुकलेले शेंडे. सगळे नसतील, पण पाच-सहा होते. ती काकूंच्या घराकडं पाठ करून उभी होती आणि आवाज इतका हळू की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

‘मावा उडून येतो. मुंगी बी आणती त्याला. पर शेंडा खुडून, बेचक्यात खोचून नाय येत, वहिनी.’

मी तिच्या हातातले शेंडे मोजत राहिले. 

‘मला कळंना, तुमचं म्या काय घेतलं? शेड मला काय करायचंय? म्या उघड्यावर जल्मले. तुमी झाडं झाडून घेतली ना, तवा माझ्या शेरडांचं दूध आटलं. त्या दिसांत त्यांना दुसरं काय होतं खायाला? दोन करडं हायेत लहान. ते तुमाला सांगाया म्या चारदा आले आन् चारदा तुमी कुलूप लावून आत गेलात.’

मला खरंच आठवलं. ती दोन-तीनदा शेडकडं येताना दिसली होती आणि मला वाटलं होतं, ही शेड बघायला येते. म्हणून मी कुलूप लावलं होतं.

तिनं ते शेंडे शेळीपुढं धरले. शेळीनं माव्यासकट कुरुकुरु खाल्ले. तिनं हात लुगड्याला पुसला आणि ती खुरपं घेऊन रानात गेली. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो आणखी हेवा. तिच्याजवळ इतकं होतं की ती एवढं सोडून देऊ शकत होती. माझ्याजवळ एक किल्ली होती आणि तीही घामानं ओली.

काकू दहाच्या सुमाराला बघायला आल्या. वहीत ओळी आखलेल्या, कानावर पेन. माझ्या ओळींत तुडतुडे फार कमी झालेले नव्हते. तिच्या ओळींत तुडतुडे नव्हते, पण मधेच कोवळ्या पानांवर मावा. काकू चष्मा वरखाली करत राहिल्या. म्हणाल्या, विचित्र आहे, एकीला हे जमलं नाही आणि दुसरीला ते. मी तिच्याकडं पाहिलं. ती दोन ओळी सोडून गवत उपटत होती आणि मान वर करत नव्हती.

मग काकू म्हणाल्या, जाऊ दे, दोन्ही सारखंच म्हणू. तुझी पोती आधीची आहेत ना, ती आधी संपवू. त्याच वेळी शेजारचे एक शेतकरी मोटारसायकलला दोन कॅन बांधून आले होते. त्यांच्या कापसाला तुडतुड्यांनी पिवळं केलं होतं. ते म्हणाले, वहिनींच्या हातचंच द्या, मागल्या साली लई गुण आला. काकूंनी मला सांगितलं, उद्यासाठी यांच्यापुरती बी कुटायला घे.

म्हणजे मी जिंकले होते. शेड माझं, खोली माझी. आणि त्या माणसाच्या रानात मी कुजलेल्या बीचं पाणी मारायला देणार होते, माझ्या हाताला गुण आहे या भरवशावर.

मी किल्ली घेऊन शेडपर्यंत गेले. दार उघडलं. मागच्या पोत्यांचा तो गरम वास आला. मग परत आले आणि काकूंना म्हटलं, काकू, माझ्या पोत्यांना बुरशी लागली आहे. सगळ्यांना.

काकू आत आल्या. प्लास्टिकच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, काढला, वास घेतला. कधीपासून, विचारलं. मी म्हटलं, जुलैपासून.

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘खोली जाईल म्हणून.’

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. ‘खोलीचा आणि निंबोळीचा काय संबंध?’

 आजही मला वाटतं की संबंध आहे. ज्यांचं स्वतःचं घर असतं त्यांना तो दिसत नाही. काकूंसारख्या चांगल्या माणसालासुद्धा दिसत नाही.

शेंड्यांचं मी सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं. आता इथं लिहिते आहे ते उरलेलं अर्धं.

माझी पोती खताच्या खड्ड्यात गेली. शेजाऱ्यांना तिच्या बीचा अर्क दिला आणि काकूंनी त्यांना सरळ सांगितलं की वहिनीची बी खराब झाली. ते म्हणाले, होतं असं. काकू मला रागावल्या नाहीत. फक्त संध्याकाळी किल्ली मागितली आणि ओसरीवर दाराजवळच्या खिळ्याला लटकवली. म्हणाल्या, इथं असू दे, जिला लागेल ती घेईल. खोलीबद्दल अवाक्षर नाही. आम्ही अजून तिथंच राहतो. त्या खिळ्याकडं बघितलं की मला आधी उपकार आठवतात आणि मग चरका बसतो, नेहमी याच क्रमानं.

पुढं केव्हातरी मी तिला विचारलं की तिनं काकूंना का सांगितलं नाही. आम्ही दोघी कापूस वेचत होतो. तोवर मी तिला आक्का म्हणायला लागले होते. तोंडातून एकदा निघून गेलं आणि मग परत घेता आलं नाही.

‘सांगून काय?’ आक्का म्हणाली. ‘तुला हाकललं असतं, मंग मला त्या शेडात कोंबलं असतं. पाला कुजवत बसायला. मला वारं लागतं बाई.’ मग पुढच्या झाडाकडं सरकत म्हणाली, ‘आन् तू रडकी लई. तुझ्या मागं समजूत घालाया कोण पळणार?’

त्या दिवसापासून मी वहिनी नव्हते, ‘तू’ होते.

या जूनमध्ये निंबोळ्या पिकल्या तेव्हा मी खराटा खोलीत दाराआड ठेवला. पहिले दोन दिवस हात शिवशिवले. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या वाडग्यावर गेले. शेरडं उठून गेली होती आणि बसल्या जागी, लेंड्यांच्या मधून, पांढऱ्या बिया पडल्या होत्या. आक्कानं दाखवलं की आधी सुपात घ्यायचं, लेंड्या कोरड्या असताना झटकायच्या, त्या हलक्या असतात, पुढं जातात, बी मागं राहते. तिच्या सुपातून एका झटक्यात बी वेगळी व्हायची. माझ्या सुपातून दोन्ही एकदम पुढं जायचं. तिचं करडू येऊन माझ्या ओच्यात तोंड घालायचं आणि तिनं जीभ टाळूला लावून चक् केलं की लगेच तिच्याकडं पळायचं. मला तेही आवडायचं नाही. पण बी सावलीत पसरायची, उलथायची, गोणपाटात भरायची हे ती माझ्यावर सोडायची आणि त्यात बोट घालायची नाही. गोणपाटाची पोती मी भिंतीपासून हातभर दूर, लाकडावर ठेवली. रोज हात घालून बघितलं. थंडगार.

गेल्या महिन्यात सिल्लोडकडच्या बचत गटाच्या बायका अर्क बघायला आल्या. सतरंजी टाकली, चहा झाला. काकू उभ्या राहून सांगायला लागल्या की आमच्याकडं हे सगळं या दोघी करतात. आणि हात आधी तिच्याकडं केला, मग माझ्याकडं.

मी ते पाहिलं. आक्कानं पाहिलं नाही, ती शेरडं कुठं गेली ते बघत होती.

एका बाईनं तिला विचारलं, बी किती वेळ भिजवायची? आक्का उठली, लुगडं झटकलं, शेरडांकडं निघाली आणि चालता चालता माझ्याकडं हनुवटी करून म्हणाली, ते हिला इचारा, तिच्याकडं वही हाय.

मी उठले, ओसरीवरच्या खिळ्यावरून किल्ली घेतली आणि त्या बायकांना घेऊन शेडकडं गेले.